डावा कोपरा

सुटीच्या दिवशी सकाळी तो ट्रम्पेट धुवायचा. बेसिनला बूच लावून त्यात कोमट पाणी सोडायचं, साबणाचे थोडे थेंब टाकायचे, तिन्ही पिस्टन काढून जुन्या टॉवेलवर आडवे ठेवायचे, सरकत्या नळ्या एकेक करून ओढून काढायच्या आणि मग लांब लवचिक तारेचा ब्रश मुख्य नळीत घालून हळूहळू पुढे ढकलायचा. दुसऱ्या टोकाने बाहेर येताना ब्रश आपल्यापुढे एक हिरवट, बुळबुळीत गोळा ढकलत आणी. तो गोळा पाण्यात पडला तरी लगेच विरत नसे. थोडा वेळ तरंगे, मग त्याचे धागे सुटत आणि बेसिनच्या पांढऱ्या अंगाला लागत. त्यात काय काय असतं हे त्याला ठाऊक होतं. आठवडाभराची लाळ, श्वासाची वाफ, पितळेचा गंज, पावाचा एखादा कण. ऐकणारे ज्याला त्याच्या वाजवण्यातला प्राण म्हणत, तो नळीला आतून असा चिकटून बसलेला असे.

“अहो, त्या बेसिनमध्ये मी दात घासते,” बायको दारातून म्हणाली. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची दुपारची पाळी होती. “जन्मभर लोकांचं नाही नाही ते उपसलं मी, कधी नाक मुरडलं नाही. पण ही तुमची हिरवळ काही बघवत नाही बाई.”

“संगीत आहे ते,” तो म्हणाला. हा त्यांचा ठरलेला विनोद होता. आता त्याला दोघंही हसत नसत, पण तो चुकवतही नसत.

नंतर ती दोघं चहाला बसली. तो वर्तमानपत्र वाचत होता. तिने मान वर न करताच म्हटलं, “डावीकडे.” त्याने मुकाट्याने रुमालाने ओठाचा डावा कोपरा टिपला. तिथून चहा ओघळला होता आणि त्याला कळला नव्हता. गेली कित्येक वर्षं ओठाच्या त्या भागाला गरम-गार काही समजत नव्हतं. एवढ्या एका शब्दावर त्या दोघांचं भागत असे, आणि पाहुण्यांसमोर तर ती तोही उच्चारत नसे, फक्त स्वतःच्या ओठाला बोट लावी.

त्यानंतर ड्रमरची मुलगी शिकायला आली. ड्रमर हा त्याचा जुना जोडीदार. जहाजावरच्या बँडपासून दोघं एकत्र वाजवत आलेले. त्याला सगळे ठोक्या म्हणत आणि ठोक्या ह्याला तिरप्या म्हणे, कारण हा ट्रम्पेट ओठांच्या मधोमध न लावता डाव्या कोपऱ्यात लावी आणि वाद्य चेहऱ्यापासून तिरकं निघालेलं दिसे. मुलगी लहानपणापासून ह्याला काका म्हणत आलेली. ती दारातूनच हसत आत आली, मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “काका, उजेडात या. एक गंमत दाखवते.”

तिने चेहरा खिडकीकडे केला आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक लालसर चंद्रकोर उमटली होती. आतल्या बाजूला कातडी पांढुरकी, फुगलेली, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखी.

“मलाही घट्टा आला,” ती म्हणाली. “तुमच्यासारखा. आता दाबलं तरी दुखत नाही. मज्जा म्हणजे काही कळतच नाही तिथे.”

तिने पिशवीतून माउथपीस काढला, ओठांना टेकवायची ती पितळेची छोटी वाटी. नवीकोरी होती, पण तिची कड एका बाजूने कानशीने घासलेली होती. “तुमच्याकडची मागच्या आठवड्यात नेली होती ना, बघायला म्हणून? ती लेथवाल्याकडे नेली. मला म्हणतो, चांगली वस्तू कशाला नासवता ताई? म्हटलं, तुम्ही घासा हो गुपचूप. हुबेहूब झालीय की नाही?”

त्याने वाटी हातात घेतली. कडेचा तो घासलेला उतार अंगठ्याला लागला. बेसिनमधला तो गोळा पुन्हा दिसला आणि ह्या खेपेला तो नळीतून नव्हे, त्या मुलीच्या तोंडातून बाहेर येतो आहे असं त्याला वाटलं. पण तो काही बोलायच्या आत तिने वाद्य उचललं, कोपऱ्यात लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. त्याचीच रचना, ज्या रेकॉर्डवर त्याचं नाव झालं त्या रेकॉर्डवरची. तोच सूर होता. तोच धूसर, किंचित ओला, शेवटाकडे विरत जाणारा सूर. आणि त्यातला तो उंचावर जाणारा तुकडाही तिने सहज घेतला, जो त्याला स्वतःला आता कित्येक वर्षं जमला नव्हता. क्षणभर, हे त्याला नंतर स्वतःशी नाकारता आलं नाही, क्षणभर त्याला फार बरं वाटलं. आपलं तरुण तोंड समोर खुर्चीवर बसलं आहे असं वाटलं. मग त्या सुराखाली त्याला दुसरंच काहीतरी ऐकू आलं: वाटी ओठावर नीट न बसल्यामुळे कोपऱ्यातून निसटणारी हवा, आणि त्या हवेत फुसफुसणारी थुंकी. ज्याला समीक्षक त्याची शैली म्हणत आले होते ती ही गळती होती.

“मध्ये लाव,” तो म्हणाला.

“काय?”

“मध्ये. ओठांच्या मधोमध. असं वाजवलंस तर ओठ जाईल. पुढे दातही हलेल.”

तिने वाद्य खाली घेतलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही लावता मध्ये?”

“माझं वेगळं आहे.”

“तेच तर,” ती हसून म्हणाली. “काका, मध्ये लावून वाजवणारे रग्गड आहेत. ते ऐकायला कोण येतं?”

ती गेल्यावर त्याने खिडकी उघडली, कारण खोलीत पितळेचा आणि लाळेचा तो ओळखीचा वास राहिला होता आणि आज तो त्याला सोसवेना.

दुपारी तो क्लबकडे निघाला. ओठ जाणं म्हणजे काय हे त्या मुलीला सांगून कळणार नव्हतं, कारण ते तिने रोज पाहिलं होतं आणि तिला ते सुंदर वाटलं होतं. चालता चालता त्याच्या मनात, नको असताना, मास्तर आले. सर्कशीच्या बँडचे मास्तर. तंबूच्या मागे, घोड्यांच्या लिदीच्या आणि ओल्या भुशाच्या वासात एका लाकडी खोक्यावर बसून ते त्याला शिकवत. बँडमध्ये धड चालणारा ट्रम्पेट एकच. मास्तर आधी स्वतः वाजवून दाखवत, मग वाटी सदऱ्याच्या टोकाला पुसल्यासारखं करत आणि त्याच्या हातात देत. तिला कच्च्या कांद्याची, तंबाखूची आणि स्वस्त दारूची चव असे. शिवाय कोमट असे, आणि ते कोमट असणं सगळ्यात वाईट. पहिल्या दिवशी त्याला उमासे आले होते. “ओकायचं असेल तर आत्ताच ओकून घे,” मास्तर म्हणाले होते. “नंतर सूर लावताना खोळंबा नको.” मास्तरांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. तो कसा तुटला ह्याची त्यांच्याकडे दर वेळी निराळी हकिगत असे. कधी घोड्याची लाथ, कधी झुल्याची दांडी, पिऊन आले की बायको. तुटक्या दातावर वाटी टेकवता येईना म्हणून त्यांनी तिची कड कानशीने घासली होती आणि ती डाव्या कोपऱ्यात, जिथे त्यांचे दात धड होते, तिथे नेऊन बसवली होती. ती वाटी दुसरीकडे कुठे बसतच नसे. आणि ह्याने, ज्याचे सगळे दात शाबूत, पांढरेशुभ्र होते, त्याने आपलं निरोगी तोंड एका तुटक्या दाताच्या मापाने वाकवून घेतलं. कारण ट्रम्पेट असाच वाजवतात अशी त्याची समजूत होती. आणखी कोणाला वाजवताना त्याने जवळून पाहिलेलंच नव्हतं.

पुढे सर्कस बुडाली, मास्तर ती वाटी त्याच्या हातात ठेवून कुठेसे गेले, आणि हा हॉटेलातल्या बँडमध्ये लागला. तिथे स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात, मुख्य आचाऱ्याच्या ग्रामोफोनवर, त्याने पहिल्यांदा जाझच्या रेकॉर्डी ऐकल्या. दूरदेशीच्या त्या थोर वादकांचे सूर ऐकून तो अक्षरशः वेडा झाला. एक होता तो काचेसारखा स्वच्छ, उंच, न थरथरणारा; दुसरा जणू बोलता बोलता हसत असे; तिसरा एवढं कमी वाजवी, की दोन सुरांमधली शांतताच लक्षात राही. त्याला पहिल्यासारखं वाजवायचं होतं. पहाटे उठून तो बोळात उभा राही आणि तो काचेचा सूर काढायला बघे. कोपऱ्यातून तो निघत नसे. निघे तो हा, धूसर, ओला. एकदा रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याने त्या थोर वादकाचं छायाचित्र पाहिलं. ट्रम्पेट अगदी मधोमध, नाकासमोर सरळ. त्याने ते बराच वेळ निरखलं आणि आचाऱ्याला सांगितलं, “फोटोसाठी सरळ धरलाय त्याने. वाजवताना नसेल धरत.” आचाऱ्याने मान डोलावली होती. त्याला कशाशीच देणंघेणं नव्हतं.

आपली चूक त्याला कळली ती जहाजावर, शेजारच्या वादकाने पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं तेव्हा: “लकवा मारून गेला का रे तुला?” तोवर फार उशीर झाला होता. बदलायचं तर वर्षभर काही वाजवता आलं नसतं आणि जहाज वर्षभर थांबलं नसतं. शिवाय लोकांना ते आवडू लागलं होतं. मग क्लब, मग ती रेकॉर्ड, मग कौतुक. त्याला न जमलेल्या गोष्टींची एक शैली तयार झाली. उंच सूर लागेनात तेव्हा तो खालच्या सप्तकात राहू लागला आणि कोणीतरी लिहिलं, त्याच्या वादनाला आता परिपक्वता आली आहे. दात काढावा लागला तेव्हा फुंकर आणखी निसटू लागली, तिला करुणा म्हणाले. मुलाखतीत हमखास प्रश्न येई, तुमच्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे? तो त्या थोर वादकांची नावं घेई आणि समोरचा माणूस समाधानाने मान हलवी. त्या नावांपैकी एकाचाही सूर त्याच्या तोंडात कधी आला नव्हता. तोंडात होती ती वाटी, आणि तिच्यावर कितीही वेळा धुतली तरी जाणार नाही अशी कांद्याची कोमट चव.

दिवसाउजेडी क्लब ओंगळ दिसे. सांडलेल्या दारूवर बूट चिकटत होते, पडद्यांना सिगारेटचा आंबूस वास होता. दाराशी नवं भित्तिपत्रक लागलं होतं. त्यावर चेहरा नव्हता, फक्त काळ्या सावलीतून तिरका निघालेला ट्रम्पेट. तेवढं पुरत असे. हल्ली संगीतशाळांतली पोरंही वाद्य तिरकं धरून फोटो काढत. काही तर वाजवतही तसंच. पुढच्या महिन्यात त्याच्या वादनाला चाळीस वर्षं होत होती म्हणून हा कार्यक्रम होता, आणि तो ठोक्याने ठरवला होता.

ठोक्या ड्रमची कातडी ताणत बसला होता. “ये तिरप्या. भित्तिपत्रक पाहिलंस? थोबाड नाही टाकलं तुझं. म्हटलं, गिऱ्हाईक पळायला नको.”

“तुझ्या पोरीचा ओठ पाहिलास?”

“पाहिला ना. घरभर नाचत होती. तिची आई ओरडली जरा.” तो हसला. “पण काय वाजवते रे. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं तर मला वाटलं, तूच बसलायस आत. विशीतला तू. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत.”

“तिचा ओठ जाईल, ठोक्या. माझा गेला तसा.”

“आणि तरी चाळीस वर्षं वाजवलंस की.” ठोक्याने कातडीवर बोटाने टिचकी मारून कान लावला. “हे बघ, ती कोपऱ्यात वाजवते म्हणून तर आपलं जमतंय. वरचा तुकडा ती घेणार, खालचं तू. दिवे मंद. तिचा सूर कुठे सुरू झाला आणि तुझा कुठे संपला ते कोणाच्या बापाला कळणार नाही. हे तूच सुचवलंस ना? मी नाही.”

त्यानेच सुचवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, ह्याच टेबलाशी. तेव्हा ते त्याला शिष्येला पुढे आणणं वाटलं होतं. ठोक्याच्या तोंडून ते ऐकताना मात्र त्याला एक तोंड दिसलं, ज्याच्या ओठांना कालपरवापर्यंत चहाचा चटका कळत होता, आणि त्या तोंडात आपली बोटं घालून ते डावीकडे ओढणारा एक म्हातारा दिसला. मास्तरांनी निदान नाइलाजाने केलं. त्यांचा दात खरोखरच तुटलेला होता.

“काय रे, बरं नाही का तुला? पांढरा पडलायस.”

“इथला वास,” तो म्हणाला आणि उठला.

बाहेर येऊन तो बराच वेळ चालत राहिला. तिला दमात घ्यावं, तर ती म्हणणार, तुम्ही लावता मध्ये? तिला शिकवणं बंद करावं, तर ती घरी बसून रेकॉर्डवरून तोच ओला सूर काढत राहणार. त्यानेही बोळात एकट्यानेच काढला होता. आणि आपण मध्ये का लावत नाही, ह्या तिच्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, की मध्ये लावलं तर आपल्याला काही म्हणजे काहीच येणार नाही. तिने त्याचं सांगणं कधी उचललं नव्हतं, उचललं होतं ते त्याने केलेलं. त्यानेही मास्तरांचं दुसरं काय उचललं होतं?

वाद्यांच्या दुकानात त्याने नवशिक्यांना देतात तसले दोन साधे माउथपीस मागितले. दुकानदाराने त्याला ओळखलं आणि तो गडबडला. “तुम्हाला? ह्यातलं तुमच्या उपयोगाचं काही नाही हो. कोणाला द्यायचेत?”

“एक द्यायचाय,” तो म्हणाला.

रात्री त्याने ठोक्याला फोन केला. कार्यक्रमात मी वाजवणार नाही, असं त्याने सांगितलं. ठोक्याला आधी ती थट्टा वाटली, मग तो चिडला आणि शेवटी त्याने विचारलं, “मग केव्हा वाजवशील?”

“माहीत नाही. वर्षभर तरी नाही. कदाचित कधीच नाही.”

“तिरप्या, लोक तिकीट काढून बसलेत.”

“तुझी पोरगी आहे म्हणून सांगतो. माझी असती तर एव्हाना तूच मला सांगितलं असतंस.”

फोन ठेवल्यावर बायकोने, ती नुकतीच कामावरून आली होती, चपला काढता काढता विचारलं, “आता करणार काय तुम्ही?”

“ट्रम्पेट शिकणार.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पदराने कपाळ पुसलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “निदान आता बेसिनमध्ये नवीन घाण तरी येईल.”

दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती घुश्शातच. बापाने तिला सांगितलं होतं. पिशवी खुर्चीवर आपटून ती उभीच राहिली. “माझ्यामुळे का? स्पष्ट सांगा. मी वरचा तुकडा घेणार, ते सोसवत नाही का तुम्हाला?”

“बस,” तो म्हणाला.

त्याने नवी वाटी ट्रम्पेटला लावली. वाद्य उचलून नाकासमोर सरळ धरलं, वाटी ओठांच्या मधोमध टेकवली. ओठाची ही जागा त्याने आयुष्यात कधी वापरली नव्हती. तिथे पितळेचा गारवा त्याला लख्ख जाणवला. त्याने फुंकर घातली. जो आवाज निघाला तो फरशीवरून ओढलेल्या कपाटाचा होता. तो फाटला, बंद पडला, पुन्हा कुठूनतरी भसकन निघाला. लाळ हनुवटीवरून ओघळली. त्याने ती पुसली नाही, पुन्हा तोच सूर धरायला गेला आणि तो पुन्हा फाटला.

ती आधी हसली. मग हसायची थांबली. “काका, नका ना,” ती म्हणाली. तिने मान फिरवली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला स्पष्ट किळस दिसली. “तुम्हाला एवढं येतं, आणि हे काय चालवलंय? ऐकवत नाही.”

“मला कोपऱ्यात येतं,” तो म्हणाला. “मध्ये हे एवढंच येतं. तू विचारलंस ना काल, मी मध्ये लावतो का.”

“आणि तुमचा तो सूर?”

“तो आता नाही.”

“म्हणजे कोणाकडेच नाही?”

“कोणाकडेच नाही.”

तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. रागाने खिडकीबाहेर बघत राहिली. तो वाजवत राहिला. मुळात वाजवणं म्हणायलाही जीभ धजावू नये असं ते होतं. काही वेळाने ओठ थरथरू लागले, दम लागला, तेव्हा तो थांबला, त्याने नळीतलं पाणी फरशीवर काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. दुसरी वाटी टेबलावर होती. तिने ती उचलली तेव्हा त्याने तिकडे पाहिलं नाही. तिने ती आपल्या वाद्याला लावली, ओठांच्या मधोमध टेकवली, जागा चुकल्यासारखी एकदा डावीकडे सरकवली आणि परत मध्ये आणली. तिचा पहिला आवाज त्याच्याइतकाच वाईट निघाला. दोघं एकाच सुरावर होती आणि तो सूर दोघांनाही सापडत नव्हता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खाडकन खिडकी लावून घेतली. तो कान देऊन ऐकत होता. त्या कर्कश गोंगाटात त्याला ओळखीचं असं काहीही ऐकू येत नव्हतं.